पत्रिकेवरची भागाबाई

माझं नाव भागाबाई. पुढे काय लावायचं ते तुम्हीच सांगा. आमच्या घरच्या सात पुरुषांना दोन तास बसून आणि तीनदा चहा पिऊनही ते ठरवता आलं नाही.

गोष्ट शहाण्णव सालची. माझ्या भावाच्या, गिरधरच्या मुलाचं लग्न निघालं होतं. पंडित त्याचं नाव. भाचा म्हणायचा म्हणून भाचा, वाढवला मी. गिरधरची बायको कमल गेली तेव्हा पंडित सात वर्षांचा होता आणि त्याची बहीण चारू चार वर्षांची. मी त्याच्या बरीच आधी साक्रीच्या सासरहून परत आले होते. नवऱ्याने दुसरी आणून ठेवली होती. ती पुढच्या खोलीत आणि मी गोठ्याशेजारी. दोन वर्षं काढली, मग एक दिवस पिशवी उचलली आणि एसटीत बसले. अमळनेरला उतरून चालत गावी आले. बाप ओट्यावर बसला होता, म्हणाला, "पाय धू, जेव." एवढंच. त्यानंतर तीस वर्षांत मला कुणी जा म्हटलं नाही, आणि तू इथलीच असंही कुणी म्हटलं नाही.

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. तुमच्यासाठी मी बरंचसं नीट करून सांगते आहे, पण काही वाक्यं जशीच्या तशी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तर पत्रिकेचा मजकूर ठरवायला चैत्रात सगळे पुरुष आमच्या ओट्यावर जमले. तोताराम आबा, म्हणजे आमचे चुलते, मधोमध. वय ऐंशी, आवाज पंचविशीतला. चारू वही घेऊन लिहायला बसली, कारण पत्रिका तिच्याच हातून व्हायची होती. ती जळगावला कॉम्प्युटरवर पत्रिका करायच्या दुकानात कामाला होती. गावातून अमळनेर एसटीने, तिथून पॅसेंजरने जळगाव, असं रोज अप-डाउन करायची. सगळ्यांची नावं झाली आणि पोरगी म्हणाली, "आता फुई." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. मी माजघरात भाकरी थापत होते, माझे कान टवकारले.

चारूने लिहिलं, सौ. भागाबाई. आबा म्हणाले, सौ. कशी? नवरा कुठाय? तिने खोडून श्रीमती लिहिलं. एक चुलतभाऊ म्हणाला, श्रीमती म्हटलं की लोक समजतील तो मेला. तो बसलाय साक्रीजवळ पिंपळनेरला धडधाकट. उद्या मांडवात येऊन उभा राहील, मी जिता आहे म्हणून. मग कुणीतरी म्हणालं, कुमारी घाला, आणि सगळे हसले. बरं, मधलं नाव बापाचं घालायचं की त्या मेल्याचं? आडनाव दोन्हीकडे पाटील, म्हणून तेवढ्यावरची तरी चर्चा वाचली.

चारू म्हणाली, "नुसतं भागाबाई लिहू का?"

आबा म्हणाले, "नुसतं नाव म्हैसनं ऱ्हास, पोरी." म्हणजे नुसतं नाव म्हशीचं असतं.

पुन्हा हसले. मी वाट बघत होते गिरधर काय म्हणतो त्याची. माझ्या पाठचा भाऊ. गिरधर पेन्सिलीचं टोक बोटाने दाबत बसला होता. मग हळूच म्हणाला, "राहू दे मग. तशी जागाही कमी आहे."

जागा कमी! त्याच पत्रिकेवर 'कै. सौ. कमलबाई यांच्या कृपाशीर्वादाने' याला जागा होती. कमलवर माझा राग नाही, ती लक्ष्मी होती. पण सरपंचाला जागा होती, आणि ज्या दुकानातून ट्रॅक्टर घेतला त्या दुकानाच्या मालकालाही प्रमुख उपस्थितीत जागा होती. ज्या बाईने नवऱ्यामुलाच्या गोवरात एकवीस दिवस पाठ टेकली नाही, तिला तेवढी जागा नव्हती. अंगाची लाही झाली माझ्या. त्या दिवशी गिरधरला मी बिनफोडणीचं वरण वाढलं. त्याने निमूट खाल्लं, त्याचाच मला जास्त राग आला.

आता चारूचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही पोरगी लहानपणापासून भिंती रंगवणारी. धुळ्याला हॉस्टेलवर राहून चित्रकलेचा डिप्लोमा करून आली, आणि येताना चित्रांची ही एवढी गुंडाळी घेऊन आली. मी हौसेने उघडून बघितली. म्हटलं, देवी असेल, बैलजोडी असेल, निदान एखादी भरली वांगी तरी असतील. कसलं काय! निळे पट्टे, तांबडे डाग, मध्येच एक काळी रेघ वाकडी झालेली. मी विचारलं, "हे काय पुसायचं राहिलंय का?" दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी मी त्यातल्या एका मोठ्या कापडाच्या पाठीवर कुरडया वाळत घातल्या, मग चार दिवस बोलली नाही. माझं काय चुकलं? कापड चांगलं जाड होतं.

पण पोरगी माझीच. रुसवा गेला की माझ्या मांडीला टेकून बसायची आणि समजावून सांगायची. म्हणायची, "फुई, बाई काढा म्हटलं की सगळे पदर काढतात, नथ काढतात, कमरेवर घागर काढतात. हे सगळं बाईच्या अंगावरचं झालं. बाई कुठाय त्यात? बाई थकते कशी, चिडते कशी, एकटी असली की बसते कशी, ते मला काढायचंय."

मी म्हणायचे, "काढ बाई. पण नाक काढ. बिननाकाची बाई बरी दिसत नाही."

मग तिला ते जळगावचं दुकान मिळालं. मालक रुपचंदशेठ, माणूस मऊ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो तिला कॉम्प्युटरवर चित्रं काढू द्यायचा. कागद नाही, रंग नाही, ब्रश धुवायची कटकट नाही, आणि रेघ चुकली तर एक बटण दाबलं की झालीच नव्हती जणू. मला ते ऐकून हसू यायचं. आयुष्यातल्या किती रेघांना मी ते बटण दाबलं असतं!

आदल्या डिसेंबरात तिने मला तिथे नेलं. "तुझं चित्र काढायचंय, फुई. ये." मी इरकली लुगडं नेसले, केसाला तेल लावलं. दुकानाच्या दारातच पाटी, चपला बाहेर काढा. देवळात काढतात तशा काढल्या. आत गार हवा आणि टीव्हीसारखा डबा, त्याच्यापुढे चारू ताठ बसलेली. माझी चारू, तिच्यापुढे ते एवढं मोठं यंत्र मांजरासारखं गप्प! मला भरूनच आलं. डोळे पुसले तर शेठ घाईने म्हणाले, "एसी फार वाटतो का, मावशी?"

तीन शनिवार मी जात होते. पहिल्या दिवशी स्टुलावर मी ताठ बसले, हात मांडीवर, फोटोला बसतात तशी. चारू म्हणाली, "अशी नको. घरी बसतेस तशी बस." घरी मी कशी बसते ते मला काय ठाऊक? शेवटी तिने सतरंजी टाकली आणि माझी मी बसले. ती त्या माउसने रेघा ओढत होती आणि मी तिला जावांच्या भांडणाच्या गोष्टी सांगत होते. एकदा तिने माझ्या हातात माउस दिला. मी रेघ ओढली ती पडद्याच्या बाहेरच गेली. दोघी पोट धरून हसलो.

तिसऱ्या शनिवारी म्हणाली, "झालं. ये, बघ."

मी बघितलं. एक मोठी वळणदार रेघ, उजवीकडे झुकलेली. तिच्याखाली एक टेकाडासारखा बाक. वरून एक जाड पट्टा खाली उतरलेला, टोकाला जरासा वळलेला. आणि वरच्या गोलात एक हिरवा ठिपका. बस्. नाक नाही, डोळे नाहीत, इरकलीचा काठसुद्धा नाही. लहानपणी कपाळावर गोंदलेली माझी टिकली तेवढी मला ओळखू आली.

"ही तू आहेस," चारू म्हणाली. किती आशेने बघत होती!

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "ही मी नाही. तीन शनिवार भाडं घालून आले, लुगडं इस्त्री करून आले. आणि हे काय, वाकलेलं झाड?"

तिने माउस बाजूला सारला. कॉम्प्युटर बंद केला. परतीच्या गाडीत तिने खिडकीकडे तोंड केलं ते अमळनेर येईपर्यंत. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला त्या गाडीत पुन्हा एकदा कळलं. पण सॉरी म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी तिला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली.

तर आता पत्रिका. चारूने आधी नमुन्याचा कागद आणला, त्याला ते प्रूफ म्हणतात. मी त्या दिवशी शेतात होते. ओट्यावर पुरुषांनी बघितलं. आबांनी म्हणे हात लांब धरून न्याहाळलं आणि म्हणाले, "गणपती नवीन तऱ्हाना शे." नवीन तऱ्हेचाच आहे म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या, गिरधरने खाली सही केली आणि कागद परत गेला.

आठ दिवसांनी गठ्ठे आले. सातशे पत्रिका. चारू पिशव्या माजघरात ठेवून पाणी प्यायला गेली. एका पिशवीतून एक पत्रिका अर्धी बाहेर आली होती, तीही उलटी. मी ती आत सारायला वाकले आणि तीच बाहेर ओढली.

ती मी होते.

पिवळ्या कागदावर शेंदरी रंगात, वर मधोमध, जिथे गणपती असतो तिथे. तीच झुकलेली रेघ, तोच बाक. हिरवा ठिपका इथे शेंदरी झाला होता. सुलट धरली, लांब धरली. शंकाच नाही.

तेवढ्यात पंडित आला, त्याने पत्रिका कपाळाला लावली आणि म्हणाला, "काय झकास गणपती आहे, फुई!" आणि गेला.

मी चारूला चुलीपाशी गाठलं. "मेले, हे काय करून ठेवलंस? देवाच्या जागी मला बसवलंस? माझा हात म्हणजे यांना सोंड वाटली! लोक पाया पडतायत!"

"गणपती आत आहे. 'श्री गणेशाय नमः' मोठ्या अक्षरात घातलंय, बघ. त्याला मी कुठे हलवलं नाही."

"आणि वर?"

"वर मी कुणालाही गणपती आहे म्हटलेलं नाही. जागा बघून त्यांनीच म्हटलं. मला एकाने तरी विचारलं का, पोरी, हे काय आहे?" मग तिचा आवाज बदलला. "नाव घालू देत नव्हते, फुई. मग मी माणूसच घातलं."

ती तशीच उभी होती, ओठ चावत. मग हळू म्हणाली, "दुकानात म्हणालीस, ही मी नाही. मग आज उलटं, अर्धं पिशवीतून बाहेर आलेलं कसं ओळखलंस?"

खरंच, कसं ओळखलं? जन्मात मी मला बसलेली कधी बघितली नव्हती. आरशात बघितलं असेल ते तोंड, तेही भांग काढण्यापुरतं. त्या रेघांत तोंड नव्हतं आणि तरी मी होते, सगळीच्या सगळी, खांदे दुखणारी, कुणाची तरी वाट बघणारी. मी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर एक टपली मारली, दोन्ही एकाच वेळी. लेकरू रडलं. मीही रडले. चुलीवरची भाकरी जळली.

पण जीव टांगणीला लागला तो लागलाच. आज ना उद्या कुणी ओळखणार आणि सगळं माझ्या पोरीवर येणार. देवाची थट्टा केली म्हणतील, उद्या तिचं लग्न जमायचं आहे. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच गिरधरला सांगावं, दोन शिव्या आपण खाव्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची भाकरी घेऊन मी शेतात गेले. तो विहिरीजवळ लिंबाखाली बसला होता. पुढ्यात भाकरी सोडली, ठेचा ठेवला आणि सांगून टाकलं.

"मला माहीत आहे, अक्का," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"ती तू आहेस ते. प्रूफ आलं तेव्हाच कळलं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "तू अशीच बसतेस. कमल गेली त्या दिवशी अशीच बसली होतीस. चारूला मांडीवर घेतलं आणि पंडितला टेकायला जागा नाही म्हणून एक गुडघा वर केला, आणि त्याच्यावरून हात खाली सोडला. तेव्हापासून अशीच बसतेस. पोरं मोठी झाली तरी."

मला हे ठाऊक नव्हतं. आईशपथ सांगते, ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी डोक्यात आलं.

"ओळखलंस आणि सही केलीस?"

"केली."

"मग नाव का कापलंस माझं?"

तो खाली बघून म्हणाला, "नाव सगळ्यांना वाचता येतं."

ऐकलंत? आधी वाटलं, किती जीव आहे याचा माझ्यावर. आणि लगेच डोकं असं फिरलं की ठेच्याची वाटीच मी उचलून घेतली त्याच्या पुढ्यातून. म्हटलं, "चोरून दिलेला मान मला नको, गिरधर. लहानपणी गूळ तू खाल्लास आणि मार मी खाल्ला, तेव्हाही तू असाच माझ्यावर जीव लावून गप्प उभा होतास. पत्रिकेवर बहीण चालते, पण कुणाला कळणार नाही अशी! गणपती म्हणून चालते!"

"अक्का, लग्नात भाऊबंदकीशी वाकडं नको म्हणून..."

"मग राहू दे सरळ. मी उद्या चारच्या एसटीने धुळ्याला जाते. चारूच्या मैत्रिणीची खोली आहे. लग्न होऊ दे, मग येईन. कुणी विचारलं, भागाबाई कुठाय, तर सांग, जागा कमी होती."

त्याचा घास हातातच राहिला. मी वळून बघितलं नाही. बांधापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं, वाटी माझ्याच हातात राहिली. दिली असती परत, पण तेवढी मी चांगली नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रिकांना हळदकुंकू लावायचं होतं. भाऊबंदकीतल्या बायका जेवणं उरकून आल्या. वीस माणसांचा चहा कोण करणार? म्हणून चारची एसटी, नाहीतर मी सकाळचीच धरणार होते. पिशवी भरून दाराआड ठेवली. पंडितला सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे बघायचंच टाळत होते, बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

ओट्यावर एका बाजूला आबा चष्मा लावून पाकिटांवर नावं घालत होते, गिरधर त्यांना यादी वाचून दाखवत होता. दुसऱ्या बाजूला बायका. आबांची सून सुगंधाबाई मध्ये ताट घेऊन. प्रत्येक पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू आणि कुंकवाचं एक बोट वरच्या गणपतीच्या कपाळाला. मी त्या ताटाला हात लावायचा नाही हे कुणी सांगायला लागत नव्हतं. साक्रीहून आले तेव्हापासून मी कुंकू लावत नाही आणि मला कुणी लावत नाही. मी चहा दिला, रिकाम्या कपबशा गोळा केल्या.

तेवढ्यात सुगंधाबाईचं बोट थांबलं. "आबा, ह्या गणपतीची सोंड कुणीकडे आहे?"

आबांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, मग लांब नेली. आणि एकदम ओरडले, "हाऊ ते उजवी सोंडना शे!"

झालं! उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं पाळायला लागतं, तो पत्रिकेवर छापून गावोगाव वाटतात का? लोक पत्रिका कुठेही टाकतात, कुणी त्यात भजी खातं. एक बाई म्हणाली, माझ्या मावसदिराकडे असंच झालं, वर्षभर घरात दुखणं होतं. तिच्या शेजारी हळद लावणारी होती, तिने हात मागे घेतला. आबा म्हणाले, सगळ्या पत्रिका रद्द, नवीन छापा. मग त्यांचा आवाज चढला. "कुठे आहे ती चारू? कॉम्प्युटर शिकली म्हणून देवाची सोंड फिरवते का?"

चारू दारात उभी होती. पांढरीफटक. मी कपबशांचं ताट घेऊन पुढे झाले, कारण आता जे व्हायचं ते माझ्यावरच व्हावं असं मला वाटलं. पण माझ्या आधी गिरधर उठला. हातातली यादी त्याने खाली ठेवली.

"ती सोंड नही शे, आबा," तो म्हणाला. "तो हात शे."

"कोना हात?"

"मनी बहीनना. भागाबाईना हात शे तो." मग त्याने श्वास घेतला आणि आणखी मोठ्याने, अगदी शेजारच्या ओट्यावर ऐकू जाईल असं म्हणाला, "तो गणपती नाहीच. ती माझी बहीण आहे. मला माहीत होतं आणि मी सही केली. पोरीला बोलू नका. नाव घालायची माझी हिंमत झाली नाही, ते चुकलं माझं. हिने माझी दोन्ही पोरं वाढवली. हिच्याशिवाय हे लग्न माझ्या घरात लागत नाही."

ताट कसंबसं खाली ठेवलं आणि होते तिथे बसले. किती वेळ बसले, कोण जाणे. मान वर केली तर सगळे एकदा पत्रिकेकडे बघत होते आणि एकदा माझ्याकडे. माझा एक गुडघा वर होता आणि त्यावरून हात खाली सुटलेला.

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. कापसाचा भाव करताना बघतात तसं बघितलं, आधी कागद, मग मी.

"शे," ते म्हणाले. "तीच शे."

आणि मग सुगंधाबाईच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात मारला. "अगं माय! म्हणजे मघापासून मी हिच्याच कपाळी कुंकू लावते आहे?"

तिच्यापुढे तीनशे पत्रिका लावून झाल्या होत्या. तीनशे भागाबाई, प्रत्येकीला कुंकवाचं बोट. तिने घाबरून आबांकडे बघितलं, पदराचं टोक ओलं केलं आणि वरच्या पत्रिकेवरचा ठिपका पुसायला हात नेला.

मी तिचं मनगट धरलं.

"लागलंय ते राहू दे, सुगंधा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण असा मी तो कधी ऐकला नव्हता.

तिने हात सोडवून घेतला नाही. गिरधर उभाच होता, डोळ्यांतून धारा, पुसायचं भान नाही. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, बस आता, म्हणून. आबा खाकरले. त्यांनी पेन उचललं, पुढचं पाकीट मांडीवर ओढलं आणि खाली मान घालूनच बोलले.

"सुगंधा, हात चालाव. आजून चारशे बाकी शेत."